फुकटचा आवाज

कॉम्प्युटरचा आवाज फाटतो तो नेमका खेळतानाच. कामाच्या वेळी तो कधीही फाटत नाही. एक्सेलमध्ये काही चुकलं की होणारं ते 'टुंग' अगदी खणखणीत, दोन्ही स्पीकरमधून समसमान येतं. ऑनलाइन मीटिंगमध्ये साहेबांचा आवाज तर इतका स्पष्ट येतो, की थोडी खरखर झाली तर बरं, असं वाटून माणूस हळूच वायर हलवून बघतो. काही होत नाही. साहेब शेवटच्या स्लाइडपर्यंत नितळ ऐकू येतात. आणि रात्री जेवणं आटोपल्यावर, दार लोटून, हेडफोन चढवून शत्रूच्या गोटात शिरावं, तर पहिल्याच गोळीला कानात खर्रर्र! गोळी सुटली की शेजारी कुणी मांजरपाट फाडलं, हे कळायला मार्ग नसतो.

बरेच लोक हा दैवाचा खेळ समजतात. तसं नाही, याला कारण आहे. पण ते सांगण्याआधी बिल बघितलं पाहिजे.

नवा कॉम्प्युटर जुळवून घेतला की दुकानदार जे बिल देतो, त्यात प्रोसेसर असतो, मदरबोर्ड असतो, रॅम असते, ग्राफिक कार्ड असतं (ही ओळ घरातल्या कर्त्या माणसाने बसून वाचावी), आतून रंगीबेरंगी दिवे लावलेला काचेचा कॅबिनेट असतो आणि सगळ्यात खाली 'साउंड : ऑनबोर्ड' असं लिहून किमतीच्या रकान्यात नुसती आडवी रेघ मारलेली असते. सगळी गोम त्या रेघेत आहे. ग्राफिक कार्ड निवडताना आमच्या चिरंजीवांनी जो अभ्यास केला, त्याच्या निम्मा दहावीला केला असता तर शाळेने फलकावर नाव लावलं असतं. आवाजाबद्दल मात्र तपकीर गल्लीतल्या त्या काउंटरवर एकच प्रश्न विचारला गेला आणि तोही मी विचारला.

"याला आवाज असतो ना?"

"असतो की साहेब. बोर्डाबरोबर फ्री."

फ्री म्हटल्यावर मराठी माणूस पुढचा प्रश्न विचारत नाही. वॉरंटी विचारली तर तो पैसे लावेल, ही भीती.

आवाज नेहमीच असा फुकट नव्हता. १९८१ साली आयबीएमने पहिला पीसी काढला तेव्हा त्यात एक छोटा स्पीकर होता आणि त्याला 'पीं' करता येत असे. वेगवेगळ्या पट्टीतले 'पीं' एकापाठोपाठ वाजवले की त्याला संगीत म्हणायची पद्धत होती. तो स्पीकर कधी फाटल्याचं ऐकिवात नाही; फाटावं असं त्याच्याजवळ काही नव्हतंच. मग १९८७ मध्ये कॅनडातून ॲडलिब नावाचं कार्ड आलं आणि १९८९ मध्ये सिंगापूरच्या सिम वाँग हू यांच्या क्रिएटिव्ह कंपनीने साउंड ब्लास्टर काढलं. त्या काळी आवाज ही वेगळे पैसे मोजून आणायची, कॅबिनेट उघडून बसवायची आणि पाहुण्यांना मुद्दाम ऐकवायची वस्तू होती. डॉसवरचा खेळ सुरू होण्याआधी उलटतपासणी घ्यायचा. पोर्ट कोणता? इंटरप्ट कोणता? डीएमए कोणता? ज्या पोरांना गावाची लोकसंख्या सांगता येत नसे ती '२२०, ७, १' हे झोपेतही सांगत. यातली सात नंबरची इंटरप्ट लाइन प्रिंटरचीही असे. त्यामुळे वडिलांनी पत्र छापायला आणि मुलाने राक्षस मारायला एकच मुहूर्त निवडला, तर दोघांचं काम अडायची शक्यता होती. भांडण व्हायचं, पण कुणाशी भांडायचं ते निदान ठाऊक असायचं.

पुढे १९९७ च्या सुमारास इंटेलने 'एसी ९७' नावाचं मानक आणलं, २००४ मध्ये त्याच्या जागी 'एचडी ऑडिओ' आलं, आणि या काळात मदरबोर्डवाल्यांच्या लक्षात आलं की नखाएवढी एक चिप बोर्डावर चिकटवली की उरलेली बरीचशी मेहनत प्रोसेसरकडून करून घेता येते. कार्ड गेलं, त्याचा खोका गेला, आत येणारी जाड माहितीपुस्तिका गेली आणि बिलात रेघ आली. अनेक बोर्डांवर या चिपच्या अंगावर खेकड्याचं चित्र दिसतं. ते रिअलटेक या तैवानी कंपनीचं बोधचिन्ह. टोपलीतल्या खेकड्यांची गोष्ट ज्या समाजात आपणहून सांगितली जाते, तिथे बिघडलेल्या कॉम्प्युटरमध्ये खेकडा सापडला की तपास तिथेच संपतो. वास्तविक त्या बिचाऱ्यावर येणारा आळ बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणाचा असतो.

तर ते कारण. कॉम्प्युटरच्या लेखी आवाज म्हणजे आकडे. सेकंदाला ४८,००० आकडे, तेही प्रत्येक कानाचे वेगळे. प्रोसेसर हे आकडे थोडे थोडे आणून एका ठिकाणी ठेवतो आणि चिप तिथून एकेक उचलत जाते. डोळ्यांसमोर पंगत आणा. चिप पानावर बसली आहे. ती ठरलेल्या वेगाने जेवते. एक घास इकडे नाही की तिकडे नाही, आणि 'थांबा हं, भात येतोय' हे वाक्य तिला समजत नाही. प्रोसेसर वाढायला आहे. पानात समजा दहा मिलिसेकंदांचा ऐवज मावतो, म्हणजे ४८० घास. ते संपायच्या आत वाढपी परत आला पाहिजे. एक्सेल चालू असतं तेव्हा मांडव रिकामा असतो, वाढप्याला दुसरा उद्योग नसतो, तो पातेलं घेऊन आग्रह करत उभाच असतो. खेळ सुरू झाला की मात्र धूर, पाऊस, स्फोट, भिंतीवरच्या सावल्या आणि शत्रूची अक्कल या सगळ्या मंडळींची पंगत एकदम बसते आणि चारी बाजूंनी हाका सुरू होतात. तरीही तो बापडा निभावून नेतो. पण मध्येच वायफायचा ड्रायव्हर त्याला दंडाला धरून बाजूला घेतो. "एकच मिनिट, महत्त्वाचं आहे." आणि सोडत नाही. तेवढ्यात पान रिकामं झालेलं असतं. चिप रिकाम्या पानावर हात मारते आणि आपल्याला ऐकू येतं 'खट्'. असे 'खट्' एका सेकंदात पुष्कळ झाले की त्याला आपण खरखर म्हणतो.

साहेबांचा आवाज नितळ का येतो, ते यावरून ध्यानात यावं.

यावर पान मोठं घ्यायचा उपाय आहे. मग वाढपी उशिरा आला तरी अब्रू जात नाही. मात्र पानात आधीच वाढून ठेवलेलं आधी संपवावं लागतं, म्हणजे गोळी आत्ता सुटते आणि आवाज मागाहून येतो. मरून पडल्यावर आपल्याला लागलेल्या गोळीचा आवाज ऐकणं, हा प्रकार वीराला शोभत नाही. त्यामुळे पान लहानच ठेवतात आणि खरखर सोसतात.

हे इतकं सरळ कुणी सांगत नाही, कारण फुकटच्या वस्तूला वाली नसतो. बोर्ड बनवणारे म्हणतात ड्रायव्हर बघा. ड्रायव्हरवाले म्हणतात विंडोज बघा. विंडोज स्वतःच समस्या शोधायला बसतं, एक हिरवी पट्टी डावीकडून उजवीकडे सावकाश नेतं आणि कोणतीही समस्या आढळली नाही असं जाहीर करतं. त्याच वेळी मागे खर्रर्र चालू असतं. खेळ बनवणारे म्हणतात ग्राफिक्स कमी करा, म्हणजे ज्या गोष्टीसाठी एवढे पैसे मोजले तीच वापरू नका. ग्राफिक कार्डवाल्यांचा आवाजाशी संबंध नाही असं वाटतं, पण आहे. एचडीएमआयच्या वायरीतून आवाजही जातो, त्यामुळे त्यांचा ड्रायव्हर स्वतःचं आवाजाचं दुकानही मांडून ठेवतो. एखाद्या अपडेटनंतर सगळा आवाज गुपचूप मॉनिटरकडे वळलेला असतो. बऱ्याच मॉनिटरना स्पीकर नसतात. अशा वेळी खरखर पूर्ण थांबते आणि घरात क्षणभर आनंद पसरतो.

हेल्पलाइनवर फोन करणं हा या प्रकरणातला सर्वांत करुण भाग. गाडीचा आवाज मेकॅनिकला ऐकवता येतो, छातीचा डॉक्टरला. हा आवाज फक्त खेळ चालू असताना येतो आणि फोन ऑफिसच्या वेळातच लागतो.

"सर, आवाज नेमका कसा येतोय?"

"फाटल्यासारखा."

"सर, फाटल्यासारखा म्हणजे क्रॅकलिंग, पॉपिंग, बझिंग की हमिंग?"

यातला फरक शब्दांत सांगता येत नाही. मग बावन्न माणसांच्या ऑफिसात, चष्मा लावलेला, प्रॉव्हिडंट फंडाची कागदपत्रं पुढ्यात असलेला गृहस्थ रिसीव्हरवर हात आडवा धरून "खर्र, खट्, खट्, घूंऽऽ" असं करतो. पलीकडून थोडा वेळ शांतता. मग, "सर, शेवटचा आवाज परत एकदा कराल का?" शेजारच्या टेबलावरच्या बाई पाणी आणून देतात.

पण खरं सांगायचं तर हेल्पलाइनवरच्या त्या मुलाचा प्रश्न अचूक होता. निदान त्या आवाजातच असतं. 'खट् खट्' असेल तर वाढप्याची बोंब. एकसारखी 'घूंऽऽ' असेल तर विजेचं प्रकरण. माउस हलवला की हेडफोनमध्ये 'चुंईऽ चुंई' होत असेल तर कॅबिनेटच्या पोटातल्या वायरीने आजूबाजूचं काहीतरी पकडलंय. आणि फक्त मोठ्या आवाजालाच फाटत असेल, तर तो आपला राष्ट्रीय स्वभाव आहे. खेळात आवाजाची पट्टी, विंडोजमध्ये एक, मिक्सरमध्ये एक, साउंडच्या पॅनेलमध्ये एक, हेडफोनच्या वायरीवर एक चाक, आणि सगळं शंभरावर. वर पुन्हा 'लाउडनेस' नावाची खूणही केलेली. लाटेचा माथा वर मावत नाही म्हणून सपाट कापला जातो आणि सुरेल वाद्याचंही फरशी कापायचं मशीन होतं. विसर्जन मिरवणुकीत स्पीकरच्या भिंतीपुढे उभं राहून वाढलेल्या पिढीला पट्टी साठावर आणायला सांगणं म्हणजे तिच्या संस्कारांवर घाला घालणं आहे.

आमच्या घरी दुर्दैवाने हे सगळे आवाज एकाच वेळी येत होते. आणि कान प्रत्येकाला असल्यामुळे आवाजाच्या बाबतीत प्रत्येक जण तज्ज्ञ असतो. स्क्रीनवर काही बिघडलं तर लोक "मला त्यातलं कळत नाही बुवा" म्हणून चहा पितात. आवाज बिघडला की कप खाली ठेवतात.

पहिला आला तो भाचा. तो आयटीत आहे आणि त्याच्या मते आवाजाच्या जगातल्या सगळ्या अधोगतीचं मूळ विंडोज व्हिस्टामध्ये आहे. २००७ च्या आधी खेळ थेट साउंड कार्डाशी बोलत असत, हार्डवेअर प्रतिध्वनी घुमवत असे, गुहेत शिरलं की गुहा वाटत असे. व्हिस्टाने तो थेट रस्ता बंद केला, सगळा कारभार सॉफ्टवेअरकडे दिला आणि जुने खेळ रातोरात सपाट वाजू लागले. हे खरं आहे, आणि तो ते पानिपताच्या सुरात सांगतो. मग त्याने ड्रायव्हर काढला, घातला, जुना घातला, नवा घातला. ४४,१०० वरून ४८,००० केलं. सीडीचा आकडा पहिला, व्हिडिओवाल्यांचा दुसरा, आणि या दोहोंत रूपांतर करताना आवाज बिघडतो असा समज आहे. आकडा बदलला की थोडा वेळ खरंच बरं वाटतं, कारण बदलताना सगळी व्यवस्था नव्याने सुरू होते. त्या दहा मिनिटांच्या भरवशावर कित्येकांनी आयुष्यभर ४४,१०० ची तरफदारी केलेली आहे.

त्याच खटपटीत त्याने साउंडच्या पॅनेलमधलं 'एन्व्हायर्नमेंट' उघडलं. वाचकांपैकी ज्यांनी ती यादी पाहिलेली नाही, त्यांनी एखाद्या जुन्या कॉम्प्युटरवर जरूर पाहावी. तुमचा आवाज कुठून यावा, हे तिथे निवडता येतं. दिवाणखाना, सभागृह, गुहा इथपर्यंत ठीक. पण पुढे न्हाणीघर आहे. दगडी बोळ आहे. विमानाचं हँगर आहे, खाण आहे, गाड्यांचा तळ आहे, सांडपाण्याचा नळ आहे, पाण्याखाली आहे. आणि यादीच्या शेवटी शेवटी, ज्याने कुणी ती केली त्याची जागांची कल्पनाशक्ती संपल्यावर, 'नशेत', 'चक्कर आलेला' आणि 'मनोरुग्ण' असे तीन पर्याय आहेत. हे मी बनवून सांगत नाही. कारखान्यातून येतानाच ते तसे येत. भाच्याने सगळे वाजवून पाहिले आणि जेवायला हाक आली म्हणून उठला.

दुसऱ्या दिवशी चिरंजीवांनी 'क्रिकेट ०७' लावलं. हा २००६ सालचा खेळ आपल्याकडे अजून जिवंत आहे. पोरं त्यात नवे खेळाडू, नव्या जर्सी, नव्या स्पर्धा घालत राहतात. समालोचन मात्र तेच, मार्क निकोलस आणि रिची बेनॉ यांचं. बेनॉ हा मोजकं बोलण्यासाठी नावाजलेला माणूस. चित्रात जे दिसतंय ते पुन्हा सांगू नये, हे त्याचं तत्त्व. त्याने त्या दिवशी एका चौकाराचं जे काही मोजकं कौतुक केलं ते सांडपाण्याच्या नळातून आलं.

"अहो," स्वयंपाकघरातून विचारणा झाली, "तो माणूस मोरीत पडलाय का?"

मग शेजारचे काका आले. काका एमएसईबीतून निवृत्त झाले आहेत. एमएसईबीची महावितरण होऊन जमाना झाला, पण काका अजून एमएसईबीतूनच निवृत्त आहेत. त्यांनी आवाज ऐकला आणि आधी तो बिघाड आहे हेच मान्य केलं नाही. "याला खरखर म्हणता? आम्ही आकाशवाणीवर बाळ ज. पंडितांची कॉमेंट्री ऐकायचो. निम्मी खरखर, निम्मे पंडित. पण चेंडू कुठे गेला ते बरोबर कळायचं." त्यांच्या पिढीत खरखर हा रेडिओ चालू असल्याचा पुरावा होता. ती थांबली की लोक घाबरत.

पण 'घूंऽऽ' ऐकल्यावर ते गंभीर झाले, खिशातून टेस्टर काढला (काकांच्या लेंग्यालाही टेस्टरसाठी खिसा आहे) आणि कॅबिनेटच्या पत्र्याला टेकवला. टेस्टर पेटला.

"अर्थिंग," काका म्हणाले.

आता अडचण अशी, की काका सगळ्यालाच अर्थिंग म्हणतात. फ्रिजचं दार नीट लागत नाही, अर्थिंग. वॉशिंग मशीन नाचतं, अर्थिंग. त्यामुळे या निदानाकडे घरात कुणी वळून पाहिलं नाही. वास्तविक कॅबिनेटला हात लागला की चिरंजीवांना मुंग्या येत आणि ते त्याला कॉम्प्युटरची पॉवर समजत. त्या मुंग्यांचं शास्त्र असं : कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये विजेतली घाण गाळायला लहान कपॅसिटर असतात, ते दोन्ही वायरींकडून अर्थकडे जोडलेले असतात. अर्थ असली तर ती घाण जमिनीत जाते. नसली तर जाणार कुठे? २३० व्होल्टच्या निम्मा दाब पत्र्यावर येऊन तरंगत बसतो. प्रवाह अगदी किरकोळ, पण मुंग्या यायला पुरेसा आणि हेडफोनमध्ये घुमायला तर अगदीच पुरेसा.

काकांनी स्विचबोर्ड उघडायला लावला. सॉकेटला तीन भोकं होती. मागे वायरी दोन होत्या. तिसरं भोक शोभेचं होतं. तीन पिनांतली वरची पिन जाड आणि लांब असते, ती आत शिरताना सर्वांत आधी टेकावी आणि निघताना सर्वांत शेवटी सुटावी म्हणून. इतका विचार करून बनवलेली ती पिन आमच्या घरात वर्षानुवर्षं पोकळीत टेकत होती.

काका तिथे थांबते तर ते काका कसले. ते थेट इमारतीच्या मागे अर्थिंगच्या खड्ड्यापर्यंत गेले. या खड्ड्यात पट्टीच्या भोवती कोळसा आणि मीठ भरतात आणि उन्हाळ्यात वरून पाणी घालत राहावं लागतं, कारण कोरडी माती वीज घेत नाही. सोसायटीने टँकरचे दिवस म्हणून ते पाणी बंद केलं होतं. हा विषय मासिक सभेत निघाला. माझ्या मुलाला बंदुकीचा आवाज नीट ऐकू यावा म्हणून खड्ड्यात पाणी ओतावं, असा ठराव इतिवृत्तात कोणत्या शब्दांत लिहायचा, यावर सेक्रेटरींनी बराच वेळ घेतला. शेवटी 'विद्युत सुरक्षा' असं लिहिलं. सूचक काका.

एक गोष्ट काकांना सांगायची सोय नाही. ती अशी, की अर्थ दोन वेगवेगळ्या ठिकाणी मिळाली तरीही 'घूंऽऽ' होते. कॉम्प्युटर एका सॉकेटला, टीव्ही दुसऱ्याला, त्यात केबलवाल्याची वायर गच्चीवरून स्वतःची अर्थ घेऊन आलेली, आणि हे सगळे एकमेकांना आवाजाच्या वायरीने जोडलेले असले की त्या वेटोळ्यातून वीज फिरत बसते. म्हणजे अर्थ नसली तरी घरघर, जास्त झाली तरी घरघर. हे काकांना कळलं तर फ्रिजच्या दाराची दोन निदानं होतील.

या सगळ्या काळात घरात एकच व्यक्ती शास्त्रीय पद्धतीने निरीक्षण करत होती, आणि तिला कुणी विचारलं नव्हतं. "तो पंखा दोनवर असला की जास्त कुरकुरतं," असं हिने भाजी निवडता निवडता सांगितलं होतं. भाचा हसला. काकांनी पंख्याचीही अर्थिंग असेल म्हणून मान डोलावली. पण प्रत्यक्षात जुना इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर पंखा हळू करतो तो विजेची प्रत्येक लाट थोडी थोडी कापून. हा कापण्याचा कचरा घरभरच्या वायरींतून पसरतो. पंखा पाचवर नेला की कापाकापी जवळजवळ थांबते. करून पाहिलं. कुरकुर गेली. थंडीत पंखा पाचवर लावून खेळायचं की शाल घेऊन खेळायचं, एवढाच प्रश्न राहिला; मग रेग्युलेटर बदलला.

राहिली ती माउसची 'चुंई'. तिचाही निकाल हिनेच लावला, तोही नकळत. कॅबिनेटच्या पुढच्या भोकातून हेडफोनची वायर लोंबत असते, झाडू मारताना अडकते, म्हणून तिने ती काढून मागच्या बाजूला खोचली. चुंई बंद. पुढच्या भोकापर्यंत आवाज नेणारी वायर मदरबोर्डच्या मागच्या खालच्या कोपऱ्यातून निघून, पेटलेल्या ग्राफिक कार्डाच्या पोटाखालून, सगळ्या गोंगाटाचा पाहुणचार घेत पुढे येते. मागचं भोक चिपच्या अगदी जवळ. तिथे रंगही ठरलेले आहेत : हिरवं ऐकायला, गुलाबी बोलायला, फिकं निळं बाहेरचा आवाज आत घ्यायला. १९९० च्या दशकाच्या अखेरीस मायक्रोसॉफ्ट आणि इंटेलने मिळून हे रंग ठरवले, तेव्हा टेबलाखाली भिंतीकडे तोंड केलेल्या कॅबिनेटच्या मागे रंग दिसत नाहीत, हे त्यांना कुणी सांगितलेलं दिसत नाही. हिने रंग बघितलाच नव्हता. जे मोकळं सापडलं त्यात घातलं, ते हिरवं निघालं.

भाच्याने मात्र शेवटी एक काम चोख केलं. वाढप्याला कोण अडवतो हे शोधणारा 'लेटन्सीमॉन' नावाचा प्रोग्रॅम त्याने लावला, आणि त्यात वायफायचा ड्रायव्हर दंडाला धरलेला रंगेहाथ सापडला. भिंतीच्या कडेने नेटची वायर ओढली, वायफाय बंद केलं आणि 'खट् खट्' थांबलं.

आवाज स्वच्छ झाला. तो नेमका कुणामुळे झाला, यावर अजून एकमत नाही. भाचा म्हणतो वायफाय. काका म्हणतात खड्डा. ही काही म्हणत नाही, नुसती झाडू मारते. तपकीर गल्लीतल्या दुकानदाराला सगळी हकीकत सांगितली तेव्हा त्याने काउंटरखालून एक बोटभर यूएसबीचं साउंड कार्ड काढून पुढे ठेवलं. "हे दोन-अडीचशेचं लावलं असतं तरी बरंचसं भागलं असतं साहेब. बोर्डावरचा आवाज वापरायचाच कशाला?" त्याचं म्हणणं बरोबर होतं. बाहेर बसवलेल्या कार्डापर्यंत कॅबिनेटमधला बराचसा गोंगाट पोचतच नाही. पण जो आवाज फुकट मिळालेला आहे त्यासाठी अडीचशे रुपये द्यायला माझी तयारी नव्हती. नवा रेग्युलेटर, सॉकेटमागची अर्थची हिरवी वायर, इलेक्ट्रिशियन, नेटची वायर आणि खड्ड्यातला कोळसा यांची बेरीज मी केलेली नाही.

चिरंजीव व्हॅलोरंट खेळतात. त्यात पावलांचे आवाज ऐकून शत्रू कुठल्या बाजूने येतोय ते ओळखायचं असतं. इतके दिवस दर पराभवानंतर एकच कारण मिळायचं, "आवाज फाटला, म्हणून ऐकू आलं नाही." परवा मी मागे उभा राहून बघत होतो. डाव्या बाजूने पावलं आली, मला उघड्या कानांनी हेडफोनबाहेरही ऐकू आली, इतकी स्वच्छ. चिरंजीव उजवीकडे बघत होते. पडले.

"ऐकू आलं ना रे?"

"आलं ना बाबा."

"मग?"

त्याने माउस उलटा करून त्याच्या पोटातला लाल दिवा निरखला. "माउस अडकतोय," तो म्हणाला.

बाहेर काकांच्या दाराची कडी वाजली. त्यांना भिंतीपलीकडून सगळं ऐकू येतं. मी हिला म्हटलं, चहा टाक, टेस्टर येतोय.